राजवाड्यातला तुरुंग आणि ‘मूळ स्वरूप’ नावाची आमची चूक

चंद्रपूरच्या जिल्हा कारागृहात सामान्य माणसाला शिरायचे असेल तर दोनच वाटा आहेत, असे आम्ही बाहेरगावच्या पाहुण्यांना थट्टेने सांगत असतो. एक वाट न्यायालयातून जाते. दुसरी मोहरमच्या दिवसांत उघडते; आतल्या गैबीशाह वलींच्या दर्ग्याच्या दर्शनासाठी तेव्हा कारागृहाचे दार लोकांना मोकळे होते, आणि कोण कुठल्या धर्माचा हे न विचारता सारे गाव रांगेत उभे राहते. काही वर्षांपूर्वी आम्हीही त्या रांगेत होतो. केवळ श्रद्धेने गेलो होतो असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. आम्हांस भिंती पाहायच्या होत्या. कारण आज जेथे कैदी राहतात तो गोंड राजांच्या राजवाड्याचा कोट आहे. चांद्याच्या सत्तेचे जे केंद्र होते ते स्थळ आता राज्याच्या तुरुंग विभागाकडे आहे.

त्या भेटीपूर्वी आम्ही एका स्थानिक अंकात मोठ्या आवेशाने लेख लिहिला होता. कारागृह शहराबाहेर न्यावे, नंतरच्या काळातली बांधकामे काढून टाकावीत आणि राजवाडा ‘मूळ स्वरूपात’ उभा करावा, अशी आमची मागणी होती. ‘मूळ स्वरूप’ हे शब्द त्या लेखात तीनदा आले होते. आज आम्ही लिहीत आहोत ते त्या तीन उल्लेखांविरुद्ध.

प्रथम ‘मूळ’ कशास म्हणायचे ते पाहू. बल्लारपूरहून राजधानी हलवून चांदा वसवणारा राजा म्हणून परंपरा खांडक्या बल्लाळशहाचे नाव सांगते. काळ पंधराव्या शतकाचा. राजाच्या अंगावर फोड होते, झरपट नदीच्या पात्रातल्या पाण्याने ते बरे झाले, तेथे अचलेश्वराचे देऊळ उभे राहिले, ही एक कथा. दुसरी त्याहून मनोहर आहे. शिकारीला निघालेल्या राजाने पाहिले की ससा पळत नसून राजाच्या कुत्र्याचाच पाठलाग करीत आहे. राणीने सल्ला दिला की ही भूमी शूर आहे, सशाच्या धावण्याच्या रेषेवर तट बांधावा. जगातील बहुतेक नगरांचे नकाशे स्थपतीने आखले असतील. चांद्याचा नकाशा एका बंडखोर सशाने आखला, असे हे गाव मानते. मेजर ल्युसी स्मिथ यांनी १८६९ साली जमाबंदीचा अहवाल लिहिताना गोंड राजांची वंशपरंपरा व अशा कथा नोंदवून ठेवल्या, आणि तेव्हापासून आपण सारे त्या नोंदीच्या आधारे बोलतो. म्हणजे आपल्या ‘मूळ’ राजवाड्याविषयीचे ज्ञानदेखील एका महसुली अहवालाच्या कागदावर उभे आहे. ही गोष्ट आमच्या लेखात आम्ही सोयीने वगळली होती.

बरे, तटही एका राजाच्या हयातीत पुरा झाला नाही. आरंभ खांडक्याचा, दरवाजांचे काम हिरशहाचे, पूर्तता धुंड्या रामशहाच्या कारकिर्दीतली, असे सांगितले जाते. धुंड्या रामशहाचा काळ सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून सतराव्याच्या पूर्वार्धापर्यंत येतो. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे. बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण या पाच खिडक्या. (बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की येथे ‘खिडकी’ म्हणजे माणूस ये-जा करू शकेल असे लहान दार. मसण खिडकीतून कोण बाहेर जात असे हे सांगण्याची गरज नसावी.) दरवाजांवर हत्तीला पायाखाली घेतलेल्या सिंहाचे शिल्प आहे, ते गोंड राज्याचे चिन्ह. यांतला कोणता काळ ‘मूळ’? खांडक्याचा धरला तर पुरा तटच नाही. धुंड्या रामशहाचा धरला तर राणी हिराई बाहेर राहते, आणि अठराव्या शतकाच्या आरंभीच्या या विधवा राणीवाचून चंद्रपूरचे आजचे रूप सांगताच येत नाही. नवरा बीरशहा मारला गेल्यावर दत्तक रामशहाच्या नावे तिने राज्य चालवले, महाकालीचे देऊळ उभारले आणि अचलेश्वराजवळ नवऱ्याची भव्य घुमटाची समाधी बांधली. नवऱ्यांनी बायकांसाठी बांधलेल्या समाध्यांची कौतुके पाठ्यपुस्तकांत पुष्कळ आहेत. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली ही समाधी पाहायला गावातलेच किती विद्यार्थी जातात, हे आम्ही वर्गात विचारतो आणि दरवर्षी खाली मान घालतो.

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे घराच्या तुरुंग होण्याकडे येऊ. आमच्या जुन्या लेखात या प्रकरणाचा खलनायक सरळच इंग्रज होता. राजवाडा होता, इंग्रज आले, तुरुंग झाला. हे वाक्य ऐकायला ठसकेदार आहे. पण ते एक पायरी गाळते. १७५१ साली रघूजी भोसल्यांनी चांदा घेतले. शेवटचा गोंड राजा नीळकंठशहा याला त्यांनी कैद केले आणि ठेवले ते बल्लारपूरच्या किल्ल्यात. म्हणजे ज्या किल्ल्यातून त्याचे पूर्वज चांद्याला आले त्याच किल्ल्यात. तो कैदेतच वारला. पूर्वजांचे घर वंशजाचा तुरुंग होण्याची घटना इंग्रज येथे येण्यापूर्वी सदुसष्ट वर्षे आधीच घडून गेली होती, आणि ती मराठी बोलणाऱ्या सत्तेने घडवली. मराठी वाचकाला हे वाक्य गिळायला जड जाते. आम्हांसही गेले; म्हणूनच बहुधा ते लेखात आले नाही.

१८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी वेढा घालून चांदा घेतले. किल्लेदार गंगासिंह लढताना पडला. नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर १८५४ पासून जिल्हा थेट इंग्रजी अमलाखाली आला. आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबूराव पुलेश्वर शेडमाके याला चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. वय पंचवीस. ज्या पिंपळाशी त्याच्या फाशीची आठवण जोडलेली आहे तो कारागृहाच्या आवारात आहे, आणि दरवर्षी त्या तारखेला आदिवासी समाज तेथे त्याला वंदन करायला जातो. आता आमच्या ‘मूळ स्वरूपा’च्या योजनेचे काय होते पाहा. नंतरची सारी भर काढून टाकायची, तर ज्या तुरुंगाने शेडमाक्याला मारले तो तुरुंगही काढून टाकावा लागतो. राजवाडा परत मिळतो, पण त्या राजवाड्यासाठी, त्या रानासाठी लढलेल्या माणसाच्या मरणाची जागा पुसली जाते. गोंडांचा अभिमान जपण्याच्या भरात आम्ही गोंडांच्या सर्वांत मोठ्या दुःखाची भिंत पाडायला निघालो होतो.

साहित्याच्या माणसाला ही चूक आधीच कळायला हवी होती, कारण आम्ही पोट भरतो तेच मुळी संहितांच्या फेरफारांवर. ज्ञानेश्वरीचे उदाहरण प्रत्येकाला ठाऊक आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची संशोधित प्रत सिद्ध केली. पुढे राजवाडे यांनी १९०९ साली आपल्याला सापडलेली जुनी प्रत एकनाथपूर्व म्हणून छापली आणि केवढा वाद माजला. आजचा कोणताही समंजस शिक्षक वर्गात असे म्हणत नाही की एकनाथी प्रत फाडून टाका म्हणजे खरी ज्ञानेश्वरी हाती येईल. वारकऱ्यांनी शतकानुशतके जी वाचली, गायली, पारायणांत घोळवली ती एकनाथांच्या हातून आलेली आहे. तो हात हाही आता ज्ञानेश्वरीचा भाग आहे. पाठभेद आम्ही तळटीपेत जपतो, पुसत नाही. मग दगडाच्या बाबतीत आमची बुद्धी एवढी बोथट का व्हावी? पोथीत आम्हांस थर दिसतात. भिंतीत मात्र ‘अस्सल’ आणि ‘अतिक्रमण’ एवढेच दोन वर्ग दिसतात.

याचे एक कारण आमच्या अभ्यासक्रमात आहे, असे आम्हांस वाटू लागले आहे. जुनी घरे वाचायला आम्ही इंग्रजी कादंबरीतून शिकलो. व्हर्जिनिया वुल्फची ‘ऑरलँडो’ (१९२८) ज्या घरावरून सुचली ते केंट परगण्यातले नोल पाहा. आर्चबिशप बूर्शिएने ते १४५६ मध्ये घेतले आणि वाढवले, पुढे ते आठव्या हेन्रीने आपल्याकडे ओढले, १६०३ पासून सॅकव्हिल घराण्याकडे राहिले. प्रत्येकाने त्यात फेरबदल केले. खोल्या ३६५, जिने ५२ आणि चौक सात, अशी त्याची ख्याती. आमच्या सशाच्या गोष्टीची ती सख्खी बहीण म्हणावी. त्या घरात वाढलेल्या व्हिटा सॅकव्हिल-वेस्टला केवळ मुलगी म्हणून ते मिळाले नाही, आणि वुल्फने कादंबरीत ते तिला परत दिले. हे सारे आम्ही वर्गात भक्तिभावाने शिकवतो. तसेच एव्हलिन वॉची ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’ (१९४५). तिच्यात महायुद्धात लष्कर घरात मुक्काम ठोकते आणि निवेदक चार्ल्स रायडर उद्ध्वस्त दालनांतून हळहळत फिरतो. सुंदर हळहळ आहे. पण त्याच कादंबरीत हेही सांगितले आहे की ते घर जवळच्या जुन्या किल्ल्याचे दगड वाहून आणून बांधलेले होते. म्हणजे ज्या ‘मूळ’ घरासाठी रायडर झुरतो ते स्वतःच एका पाडापाडीतून जन्मलेले! आम्ही त्याची हळहळ उसनी घेतली. ही तपशिलाची गोष्ट घेतली नाही. आमचा तो जुना लेख म्हणजे रायडरचा विलाप होता, फरक इतकाच की आमच्या मालकीचे तेथे काहीच गेले नव्हते.

इंग्लंडमध्येही यावर भांडणे झाली आहेत. जुन्या चर्चांना ‘शुद्ध गॉथिक’ करण्यासाठी नंतरचे थर खरवडून काढण्याची साथ आली तेव्हा विल्यम मॉरिस या कवीने १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली आणि खरवडण्याला विरोध केला. कवीने काढली, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

मात्र तुलना येथेच थांबवावी लागते. नोलमधले बदल बहुतांशी मालकांच्या रुचीने आणि पैशाने झाले. चांद्याच्या कोटातला प्रत्येक मोठा बदल पराभवाने केला. आपल्या विदर्भाच्या मातीतला मराठी नाटकातला वाडा, एलकुंचवारांचा ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५), याहून तिसऱ्याच तऱ्हेचा आहे. तेथे कोणी जिंकत नाही, कोणी फेरफार करीत नाही, अंगणात ट्रॅक्टर गंजत पडतो आणि घर आतून खचते. देशपांड्यांच्या त्या वाड्याला नाटककार मिळाला. गोंडांच्या राजवाड्याला मराठीत अजून त्या तोलाचा मिळालेला नाही, ही आमची तक्रार आहे आणि ती आम्ही मागे घेणार नाही. ‘किल्ला’ म्हटले की मराठी ललितलेखन सह्याद्री चढू लागते. झाडीपट्टीतले वैरागड, माणिकगड, टिपागड त्याच्या वाटेवर येत नाहीत. ‘ऐन-इ-अकबरी’त हिऱ्यांच्या खाणीसाठी वैरागडाचा उल्लेख आहे, आमच्या प्रवासवर्णनांत मात्र तो शोधावा लागतो.

दुरुस्तीच्या प्रश्नावर आम्हांस सर्वांत अधिक शिकवले ते गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याने. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी, जेथे नदी उत्तरेकडे वळते, तेथे हा मंदिरसमूह आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ च्या दौऱ्यानंतर त्याचे वर्णन केले आणि तेव्हापासून खजुराहोशी तुलना चालू झाली. फार पूर्वी मुख्य मंदिराच्या शिखरावर वीज पडली, शिखराचा भाग कोसळला आणि मंडपाचे छत फुटले. पुढे एका गोंड राजाने दुरुस्ती केली. तिच्यातले आधार जाड आहेत. मूळ नक्षीकामाच्या शेजारी ते एखाद्या नाजूक दागिन्याला सुतळी बांधावी तसे दिसतात. कलेच्या अभ्यासकांनी या दुरुस्तीला ओबडधोबड म्हटले, आणि आम्हीही विद्यार्थ्यांना सहलीला नेले की तेच म्हणत असू. एकदा तेथल्या एका म्हाताऱ्या बाईने आमचे व्याख्यान ऐकून विचारले, “मग पडू द्यायचं होतं का?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. ज्याला कोरता येत नव्हते त्याने टेकू दिला, आणि त्या टेकूखाली पिढ्यान्‌पिढ्या शिवरात्रीची जत्रा भरत राहिली. गेल्या दशकात पुरातत्त्व खात्याने जीर्णोद्धारासाठी शिखराचे दगड उतरवायला घेतले, काम रेंगाळले, आणि उतरवलेले दगड पाहून भाविक कासावीस झाले. शास्त्रशुद्ध दुरुस्ती वाईट असे आम्ही म्हणत नाही. ती हवीच आहे. पण त्या अनाम राजाच्या सुतळीकडे आम्ही आता जरा आदराने पाहतो.

परत चंद्रपुराकडे. २०१७ च्या मार्चपासून इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी परकोटाची सफाई हाती घेतली. रोज पहाटे माणसे बुरजांवर चढून झुडपे, माती, कचरा काढू लागली, आणि सलग दोनशे दिवसांहून अधिक काळ ते चालले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पंतप्रधानांच्या रेडिओवरील भाषणात त्याचा उल्लेख झाला. आमच्यासारख्या लेख लिहिणाऱ्यांनी वर्षानुवर्षे जे केले नाही ते खराट्याने केले. या कामाविषयी आमच्या मनात निर्भेळ कौतुक आहे. एक बारीक शंका तेवढी आहे, आणि ती त्यांच्याविषयी नसून आम्हा प्रेक्षकांविषयी आहे. तट मोकळा दिसू लागला की तो ‘रिकामा’ हवासा वाटू लागतो. मग तटाला लागून राहणारी घरे डोळ्यांत खुपतात.

ती घरे कोणाची आहेत? परकोटाच्या आतबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या साध्या माणसांची. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती यांमुळे संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीवाचून हलता येत नाही. कायद्याचा हेतू योग्यच आहे, आणि तो नसता तर आज किती तट उरला असता याची कल्पना करवत नाही. पण एका जुन्या घराला पुढच्या पिढीसाठी एक खोली वाढवायची म्हणजे काय दिव्य असते, हे त्या वस्तीत राहिल्यावाचून कळत नाही. नोलच्या मालकांनी घर वाढवले की आम्ही त्याला स्थापत्याचा इतिहास म्हणतो. पठाणपुऱ्यातल्या विणकराच्या किंवा मजुराच्या घराची भिंत हातभर पुढे आली की त्याला नोटीस म्हणतो. दोन्हींची बरोबरी करावी असे नाही. पण एवढा फरक आम्ही किती सहज करतो, हे लक्षात यावे.

आणि कारागृहात तर आजही माणसे राहतात. वारसा, वारसा म्हणून लिहिताना आम्ही त्यांचा एका वाक्यानेही विचार केला नव्हता. शहराबाहेर कारागृह न्यावे असे लिहिताना कैद्याला भेटायला येणारी रानातली आई बसस्टँडपासून चालत येथे पोचू शकते, हे आमच्या ध्यानीही आले नव्हते. मोहरमच्या त्या रांगेत आमच्या पुढे अशीच एक बाई होती. तिला दर्ग्याशी कर्तव्य होते की आणखी कोणाशी, हे आम्ही विचारले नाही. ती भिंतीला हात लावत लावत पुढे जात होती. आम्ही भिंतीतल्या दगडांचा काळ ठरवीत होतो.

आमचे आजचे म्हणणे एवढेच. कारागृह कधी काळी येथून हलले, तर तुरुंगाच्या खुणा राजवाड्यात तशाच राहू द्याव्यात: पिंपळ, दर्गा, कोठड्या, इंग्रजांनी घातलेली दारे, सारे. भोसल्यांचा काळ फलकावरून गाळू नये. आणि गोंडवाना विद्यापीठ २०११ साली ज्या दोन जिल्ह्यांसाठी स्थापन झाले तेथील मराठी-इंग्रजीच्या विभागांनी तोवर वाट न पाहता, ‘ब्राइड्सहेड’ शिकवायच्या आठवड्यातच विद्यार्थ्यांना परकोटाची एक फेरी घडवावी.

आम्ही ती घडवून पाहिली. बिनबा दरवाजाजवळ थर, फेरफार, संहिता असे सारे शब्द वापरून झाल्यावर मागे रेंगाळलेली एक विद्यार्थिनी पुढे आली आणि म्हणाली, “सर, आमच्या न्हाणीची मागची भिंत परकोटाचीच आहे. आजोबांनी तिच्यावर टीन टाकलं. हे फेरफारात धरायचं की अतिक्रमणात?” मुले हसली. आम्ही पुढच्या तासाला सांगतो म्हणालो. त्यानंतर तीन तास होऊन गेले आहेत.